१२,९४३ की ३,०००? एका हॅचबॅकच्या ब्रेक पॅडचा हिशेब

गाडी पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. मॅन्युअल गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम. रनिंग ४८ हजार किलोमीटर. मालकीण माझी मावसबहीण, राहायला कोथरूडला आणि नोकरी हिंजवडीत. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस चांदणी चौक ते वाकड ब्रेकवर पाय ठेवूनच प्रवास, आणि अधूनमधून ताम्हिणी उतरून सासरी श्रीवर्धन. ब्रेक झिजायला याहून वेगळं काही लागत नाही.

तक्रार साधी होती. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला डाव्या चाकातून बारीक 'चीं' असा आवाज यायचा आणि गाडी गरम झाली की बंद व्हायचा. पुढे तो दिवसभर येऊ लागला. सर्व्हिसची तारीख जवळच होती, म्हणून गाडी शोरूमच्या वर्कशॉपला दिली. दुपारी ॲडव्हायझरचा फोन आला. "मॅडम, पॅड संपलेत आणि डिस्कला लाइनी आल्यात. पॅडबरोबर डिस्कपण टाकून घ्या, परत खोलायला नको." (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात.) पाठोपाठ मोबाइलवर एस्टिमेट आलं, मंजुरीच्या बटणासकट. सर्व्हिसचा खर्च वेगळा. हा नुसता ब्रेकचा :

पुढचे ब्रेक पॅड, सेट : २,६४०
पॅड बदलणे, लेबर : ६९०
पुढच्या डिस्क, दोन : ५,७२०
डिस्क बदलणे, लेबर : ९२०
ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग, चार चाकं : १,१८०
ब्रेक ऑइल : ३९०
ब्रेक ऑइल बदलणे, लेबर : ५६०
कन्झ्युमेबल्स : २४०
लेबरवर १८ टक्के जीएसटी : ६०३
एकूण : १२,९४३ रुपये

तिने बटण दाबलं नाही. ब्रेक सोडून बाकीची सर्व्हिस करून घेतली आणि गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "पॅड टाकून तीन हजारात होईल ताई, अर्ध्या तासाचं काम आहे." मग ते एस्टिमेट माझ्याकडे आलं. सुट्या भागांच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यामुळे नातेवाइकांची असली बिलं माझ्याकडे येतच असतात.

दोन आकड्यांत ९,९४३ रुपयांचा फरक. एवढा फरक दिसला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो शोरूमवाले लुटतात, दुसरा म्हणतो ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको, जिवाशी खेळ आहे. दोघांचंही बोलणं कागद न वाचताच सुरू होतं. वाचल्यावर पहिली गोष्ट दिसते ती अशी, की हे दोन भाव एकाच कामाचे नाहीतच.

आधी पॅडचं बघू, कारण लोकांना वाटतं की खरी लूट तिथेच आहे. कंपनीच्या खोक्यातल्या पॅडवर एमआरपी छापलेली असते, ती सर्व करांसहित असते, आणि त्याहून जास्त घेणं कायद्याने चालत नाही. शोरूममध्ये २,६४० ला मिळणारा सेट नाना पेठेतल्या वितरकाच्या काउंटरवरही २,६४० च्याच खोक्यात असतो. तिथे थोडी सूट मिळते, शोरूम बहुधा देत नाही, एवढाच फरक. आम्हाला तोच सेट २,४०० ला मिळाला. म्हणजे जवळपास दहा हजारांच्या फरकात पॅडच्या किमतीचा वाटा फक्त २४० रुपये. (जुन्या बिलांशी तुलना करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता.)

मोठा आकडा डिस्कचा. ५,७२० च्या डिस्क, ९२० लेबर आणि त्यावरचा कर मिळून ६,८०६ रुपये. निम्म्याहून जास्त एस्टिमेट एकट्या डिस्कचं आहे, आणि त्यासाठी दिलेलं कारण काय, तर 'लाइनी आल्यात'. आता ५० हजारांच्या आसपास चाललेल्या कुठल्याही डिस्कवर लाइनी असतातच. पॅड आणि डिस्कमध्ये धूळ, वाळूचे कण अडकतात आणि गोल ओरखडे उठतात. नखाला जेमतेम लागणाऱ्या लाइनींनी काही बिघडत नाही, नवे पॅड त्यांत बसून जातात. डिस्क बदलायची की नाही हे तिची जाडी ठरवते. किमान जाडी किती ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, एक तर कडेला नाहीतर मधल्या टोपीवर. शिवाय ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल किंवा स्टिअरिंग हलत असेल, तर डिस्क वाकडी फिरते आहे का ते बघावं लागतं. तडे असतील तर प्रश्नच मिटला.

या गाडीत पेडल थरथरत नव्हतं. डिस्कवर किमान १८ मिलिमीटर असं कोरलेलं होतं आणि मायक्रोमीटरने मोजल्यावर दोन्ही बाजूंना १९ च्या वर भरली. नवी असताना ती २० ची होती. म्हणजे ४८ हजारांत जेमतेम एक मिलिमीटर गेला होता आणि आणखी तेवढाच शिल्लक होता. बाहेरच्या कडेला गंजाची वरंबी मात्र आली होती. बघणाऱ्याला तीच भयानक दिसते, पण पॅड तिथे टेकतच नाही. मेकॅनिक म्हणाला, "ही डिस्क अजून एक सेट आरामात खाईल." माझंही मत तेच.

ॲडव्हायझर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. लाइनी होत्याच. फक्त त्याने आकडा सांगितला नाही, आणि एस्टिमेटमध्येही मापाचा रकाना नव्हता. त्यांच्या नोकरीत विक्रीची टार्गेटं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण "किती मिलिमीटर राहिलेत आणि किमान किती?" एवढं विचारलं की संभाषण वेगळ्या वळणावर जातं, कारण उत्तर द्यायला कोणाला तरी खाली जाऊन मोजावं लागतं.

लेबरच्या ओळींतही एक मेख आहे. डिस्क काढायची तर आधी कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) आणि पॅड काढावेच लागतात. म्हणजे डिस्क बदलण्याच्या ९२० मध्ये पॅड काढणं-घालणं आलंच. तरीही पॅडचे ६९० वेगळे लावले होते. प्रत्येक कामाला ठरावीक वेळ आणि त्याला ठरावीक दर अशी यंत्रणा असते, सॉफ्टवेअरमध्ये दोन कामं निवडली की दोन्हींची बेरीज होते. दोन्ही कामं करायची ठरलीच असती, तर हे ६९० रुपये कमी करून मागायला काहीच हरकत नव्हती.

आता स्वस्त भावाकडे. गॅरेजवाल्याच्या तीन हजारांत काय होतं? पॅड आणि ते टाकण्याची मजुरी. पॅड कोणाचे हे त्याने आपणहून सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, ग्रीस, ऑइल यांचा उल्लेख नव्हता. आणि या गाडीचा खरा आजार नेमका तिथेच होता.

चाक काढल्यावर पॅड मोजले. उजव्या चाकात आतला साडेचार, बाहेरचा पाच मिलिमीटर. डाव्या चाकात बाहेरचा सहा आणि आतला अडीच. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा. म्हणजे चार पॅडपैकी तीन अजून चालण्याजोगे होते आणि एकच संपला होता. त्या आतल्या पॅडला पत्र्याची एक जीभ असते, थर संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. 'चीं' तिचाच.

एकच पॅड का झिजला? या जातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. डाव्या कॅलिपरच्या खालच्या पिनेचं रबरी बूट फाटलं होतं. आत पाणी जाऊन ग्रीसचा चिखल झाला होता आणि पिनेवर गंज चढला होता. हाताने ढकलून कॅलिपर सरकेना. कोकणात पावसाळ्यात वरचेवर जाणाऱ्या गाडीत हे नवल नाही. नवल याचं, की ४० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसच्या बिलातही 'ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग' ही ओळ होती आणि तिचे पैसे भरलेले होते. बूट तेव्हा फाटलेलं होतं का हे आज कोणी सांगू शकणार नाही, पण ती पिन बऱ्याच दिवसांत कोणी बाहेर काढलेली दिसत नव्हती.

म्हणून तीन हजारांचं काम जसंच्या तसं केलं असतं तर आवाज बंद झाला असता, बहीण खूश झाली असती आणि आतला नवा पॅड पुन्हा वेळेआधी संपला असता. तेरा हजारांचं काम केलं असतं तर नव्या डिस्कवर नवे पॅड बसले असते, आणि पिन सुटली असती की नाही हे 'ग्रीसिंग' खरोखर होतं की नाही यावर अवलंबून राहिलं असतं. दोन्ही भावांत अडकलेली पिन असा शब्द कुठेच नव्हता.

आता एकच काम डोळ्यासमोर ठेवून दोन्हीकडचा हिशेब मांडू : पॅड बदलणे, पिना साफ करून ग्रीस लावणे, ब्रेक ऑइल बदलणे. शोरूमच्या एस्टिमेटमधून डिस्क वजा केल्या की ६,१३७ रुपये उरतात. गॅरेजमध्ये कंपनीचाच पॅड घेऊन हिशेब असा झाला : पॅड २,४००, ते टाकण्याची मजुरी ६००, पिनांचं काम बुटासह ३००, ब्रेक ऑइल ३९०, ते बदलून हवा काढण्याचे ३००. एकूण ३,९९०. म्हणजे खरा फरक २,१४७ रुपयांचा. त्यातले २४० पॅडवरच्या सुटीचे, २४० कन्झ्युमेबल्सचे आणि उरलेले १,६६७ मजुरीतल्या फरकाचे, त्यातही ४३७ हा नुसता कर. गॅरेजवाला जीएसटीचं बिल देत नाही, हातानं लिहिलेली चिठ्ठी देतो, हेही त्या स्वस्ताईत धरायला हवं. शोरूमने चारही चाकं खोलून साफ करणं धरलं होतं, गॅरेजने फक्त पुढची दोन, हेही सोडून चालणार नाही.

ब्रेक ऑइल मी दोन्हीकडे धरलं, कारण ते आवश्यकच होतं. लोक त्याला फालतू ओळ समजून खोडतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ताम्हिणी उतरताना ब्रेकवरच गाडी आणली तर कॅलिपर भरपूर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. बहुतेक कंपन्या दोनेक वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. या गाडीत ते पाच वर्षांचं होतं, चहासारख्या रंगाचं. शोरूमने ही ओळ घातली ते बरोबरच केलं.

बहिणीला पैशांपेक्षा दुसरीच काळजी होती : "बाहेर केलं तर एक्स्टेंडेड वॉरंटी जाईल ना?" ही भीती शोरूमच्या काउंटरवरून हळूच पेरली जाते. पॅड ही झिजणारी वस्तू, ती मुळात वॉरंटीत येतच नाही. आणि बाहेर काम केल्याने सगळी वॉरंटी रद्द करण्याच्या अटीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात स्पष्ट बोललं आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ अडवून ठेवल्याबद्दल त्या आदेशाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाखांचा दंड लावला होता. त्यांत बहुतेक ओळखीची नावं आहेत. दंडाचं भांडण पुढे अपिलांत गेलं. पण आदेशातलं तत्त्व ग्राहकाच्या कामाचं आहे : बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द असं नको, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रत्यक्षात काउंटरवर हुज्जत घालावी लागू शकते, म्हणून मी तिला वॉरंटीची पुस्तिका काढून अटी वाचायला लावल्या, आणि पॅडचं पक्कं बिल गाडीच्या नंबरासह घ्यायला सांगितलं.

तिने गॅरेज निवडलं नाही, गॅरेजकडून काय करून घ्यायचं ते निवडलं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. पॅड आम्ही स्वतः आणले. नाना पेठेत जाताना चॅसी नंबर सोबत ठेवला, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिअंटना वेगळे कॅलिपर असू शकतात आणि 'अमुक गाडीचे पॅड द्या' म्हटलं की चुकीचा सेट गळ्यात पडतो. तिथे दुकानदाराने आणखी दोन पर्याय दाखवले. एक नामांकित ब्रँडचा सेट होता, १,७०० च्या आत. बॉश, टीव्हीएस, राणे यांच्यासारख्यांचे पॅड वाईट नसतात. यातल्या काही कंपन्या वाहन कंपन्यांनाही माल पुरवतात आणि साध्या हॅचबॅकला मी ते डोळे झाकून वापरेन. दुसरा ६५० चा होता, खोक्यावर वाहन कंपनीसारखा दिसणारा लोगो, पण पार्ट नंबर आणि एमआरपीचं लेबल धड नाही. तो हातातही घेऊ नये. खऱ्या पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर बनावटीचा कोड असतो आणि बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात, उदाहरणार्थ 'एफएफ'. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ही अक्षरं म्हणजे दर्जाची हमी नव्हे, पण कोरं पॅड बघितलं की मी तरी खोकं परत ठेवतो. बहिणीने कंपनीचाच सेट घेतला. सातशे रुपये जास्त गेले, मी अडवलं नाही.

काम आम्ही समोर उभं राहून करून घेतलं. मेकॅनिक हात चांगला असलेला माणूस. त्याने कॅलिपर उघडल्यावर तो होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत न ठेवता तारेने स्प्रिंगला टांगला. तिथेच माझी निम्मी काळजी मिटली. पिस्टन आत ढकलण्याआधी त्याने बॉनेट उघडून ऑइलच्या डब्याभोवती फडकं गुंडाळलं, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. खालची पिन पकडीने फिरवत फिरवत बाहेर आली. पॉलिश पेपरने ती घासली, खड्डे पडलेले नव्हते म्हणून तीच वापरली, नवं बूट घातलं आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबर फुगवतं, म्हणून डबा आधी बघून घेतला. शेवटी हवा काढली. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारून घेतलं, कारण पॅड बदलल्यावर पहिलं पेडल थेट तळाला जातं. पार्किंगमधून निघतानाच भिंतीला ठोकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. मेकॅनिकने तीनशेत पिनांचं काम धरलं होतं, तेवढेच घेतले.

गाडी वेगळी असती तर मी वेगळं सांगितलं असतं. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत पिस्टन आत घालायला अनेकदा स्कॅनर लावून सर्व्हिस मोड सुरू करावा लागतो. सी-क्लॅम्पने जबरदस्ती केली तर मोटर मोडते आणि वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च होतो. पॅडमध्ये झिजेचा सेन्सर असलेल्या महागड्या गाड्यांनाही ओळखीचा, त्या गाड्या नेहमी हाताळणारा माणूस लागतो. आणि ज्यांना गॅरेजमध्ये उभं राहायला वेळ नाही, पॅड कोणता ते बघायची हौस नाही, त्यांनी शोरूमला डिस्क खोडून सहा हजार दिले तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोन हजार जास्त देऊन पक्कं बिल आणि गाडीच्या रेकॉर्डवर नोंद मिळते. गाडी विकताना त्या नोंदीचे थोडेफार पैसे सुटतात.

पहिले काही दिवस नव्या पॅडवर जोराचे ब्रेक मारू नकोस, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू कमी करत पॅड बसू दे, असं तिला सांगितलं. आवाज गेला आहे. जुने चारही पॅड डिकीत पिशवीत ठेवलेत, कोणी विचारलं तर दाखवायला.

एक शंका उरलीच. पिन मोकळी झाली, पण पिस्टनचं सीलही आखडलं असेल तर आतला पॅड पुन्हा लवकर झिजेल. त्यामुळे पुढच्या सर्व्हिसला डाव्या चाकाचे दोन्ही पॅड मोजून आकडे लिहून घ्यायचे ठरलं आहे. फरक दोन मिलिमीटरहून जास्त निघाला तर कॅलिपर खोलून सील किट टाकावं लागेल. तेव्हा शोरूम आणि गॅरेज, दोघांनाही कामांची एकच यादी देऊन भाव मागायचा आहे.